बाबांच्या घरातल्या नोंदी कोणाच्या?

पत्र थोडक्यात: मी ३९ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी करते. बाबा ७२ वर्षांचे. नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरात एकटे राहतात. दीड वर्षापूर्वी आई गेली. बाबांना शुगर आणि बीपी आहे, पण पुण्याला यायला ते तयार नाहीत. भाऊ कॅनडात. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून बाबांकडे सगळी सोय करून दिली: हातात स्मार्ट घड्याळ, हॉलमध्ये कॅमेरा, मुख्य दाराला सेन्सर, बोलून चालणारा स्पीकर, नवा टीव्ही. सगळं माझ्या मोबाइलवर दिसायचं. मी फोनवर विचारायचे, रात्री दोनला का उठलात, फुटाळा तलावावर एवढा वेळ कोणासोबत होतात, दुपारची गोळी घेतलेली दिसली नाही. कामाला येणाऱ्या मावशी उशिरा आल्या तर तेही मीच बाबांना सांगायचे. एका रविवारी मी म्हटलं, बाबा, रात्री उशिरापर्यंत आईच्या आवडीची गाणी लावून बसता, झोप होत नाही. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं बंद. घड्याळ कपाटात, स्पीकर खोक्यात, कॅमेऱ्याचा प्लग काढलेला. फोन केला तर म्हणाले, ‘मी घरात काय करून राहिलो ते तू पुण्यात बसून पाहून राहिली. मला नको हे.’ आता आमचा फोन दोन मिनिटांत संपतो. भाऊ म्हणतो, म्हातारी माणसं हट्टी असतात, न सांगता करून टाक. लवकरच एसीच्या सर्व्हिसिंगला माणूस येणार आहे, त्याच्याकडून एक लहान कॅमेरा बसवून घेता येईल. शिवाय घराला नवा स्मार्ट मीटर लागलाय, त्याचा वापर मोबाइलवर दिसतो. त्यावरून निदान बाबा उठले की नाही एवढं कळेल. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, आणि बाबांची माहिती माझ्याशिवाय बघणार तरी कोण? माझं काही चुकतंय का?

ताई,

एसीवाल्याचं आधी बोलते, कारण ते थांबवायला वेळ थोडा आहे. न सांगता कॅमेरा बसवू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे एकटा राहणारा माणूस दुपारी दार ओढून बनियन-लुंगीवर हॉलमध्ये पडलेला असतो. आपल्याला कोणी बघत नाही, या भरवशावर तो स्वतःच्या घरात वावरतो. तो भरवसा मोडून मिळवलेली माहिती तुम्ही वापराल तरी कशी? बाबा पडलेले दिसले तर धावपळ कराल, हे खरं. पण ते दोन दिवस नीट जेवले नाहीत असं दिसलं, तर विचारणार कसं? विचारलं की त्यांना कळणार. न विचारता नुसतं बघत राहिलात, तर तुमच्या प्रत्येक फोनमध्ये एक खोटं येऊन बसेल. शिवाय असा कॅमेरा बसवणारा माणूस तो पहिल्यांदा सुरू करताना बरेचदा स्वतःच्याच मोबाइलवर सुरू करतो. नंतर त्याने तो तिथून काढला की नाही, हे पुण्यात बसून कळायला काही मार्ग नाही.

आता मुख्य गोष्ट. भावाने बाबांना हट्टी ठरवलंय, आणि तुम्हालाही ते थोडं पटलेलं दिसतं. पण तुमचंच पत्र क्रमाने वाचून बघा. रात्री दोनचा प्रश्न, फुटाळ्याचा प्रश्न, गोळीचा प्रश्न, हे सगळे बाबांनी महिनोन्महिने ऐकून घेतले. हट्टी माणूस पहिल्याच आठवड्यात घड्याळ फेकतो. त्यांनी प्लग काढला तो गाण्यांचा विषय निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ज्यांची बायको दीड वर्षापूर्वी गेली, ते गृहस्थ रात्री एकटे बसून तिच्या आवडीचं गाणं मागतात. मुलांसमोर ते रडले नसतील. तुमचा फोन आला की ‘मी ठीक आहे, तू जेवलीस का’ एवढंच बोलत असतील. दुःखासाठी त्यांनी रात्रीची वेळ निवडली, कारण तेव्हा बघणारं कोणी नसतं असं त्यांना वाटत होतं. आणि एका रविवारी त्यांना कळलं की मुलीला गाण्यांची यादी, वेळ, सगळं ठाऊक आहे, आणि तिचं म्हणणं झोपेबद्दल आहे. तुम्ही काळजीनेच बोललात, यात मला शंका नाही. पण त्यांना ते कसं लागलं असेल याचा विचार करा. मला वाटतं, त्या रात्री ते दुखावले गेले आणि त्यांना लाजही वाटली. हट्टाचा इथे काही संबंध नाही.

हे घडलं कसं, तेही समजून घ्या, कारण दिवाळीत आईवडिलांच्या घरी असा स्पीकर नेऊन ठेवणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसतं. हे स्पीकर कोणाच्या तरी खात्यावर चालतात. ज्याचं खातं, त्याच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये स्पीकरला विचारलेली प्रत्येक गोष्ट तारीख-वेळेसकट जमा होते, अनेकदा बोलणाऱ्याच्या आवाजासकट. खातं तुमचं होतं. बाबा बोलत होते नागपुरातल्या हॉलमध्ये आणि नोंद होत होती तुमच्या नावावर. घड्याळाचं तेच, दाराच्या सेन्सरचं तेच. सगळं सुरू करताना पडद्यावर ‘मान्य आहे’ असं विचारणारी दहा पानं आली असतील. ती कोणी दाबली? तुम्ही, तुमच्या फोनवर, बहुधा फराळाच्या गडबडीत. ज्यांचं चालणं, झोपणं, बोलणं नोंदलं जाणार होतं त्यांना त्यातलं एकही पान कोणी वाचून दाखवलं नाही, असं मी धरून चालते. तसं नसेल तर मला आनंदच होईल.

तुम्ही विचारता, बाबांची माहिती माझ्याशिवाय कोण बघणार. हा समज आपल्या सगळ्यांचाच असतो, कारण ॲप आपल्या हातात असतं आणि चित्र आपल्या पडद्यावर दिसतं. पण नागपूरच्या हॉलमधलं चित्र तुमच्या फोनवर येताना सहसा कंपनीच्या सर्व्हरवरून येतं, आणि तिथेही माणसंच कामाला असतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या रिंग या घरगुती कॅमेऱ्यांबद्दल तक्रार दाखल केली. कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांच्या घरातली खासगी चित्रणं बघता येत होती, असा त्यात आरोप होता, आणि कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याआधी, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, फरशी झाडणाऱ्या रूम्बा यंत्राच्या चाचणीतली छायाचित्रं बाहेर फुटल्याचं उघड झालं. त्यातल्या एकात शौचालयात बसलेली बाई होती. चाचणीत भाग घेणाऱ्यांनी कागदावर संमती दिली होती, पण आपला फोटो परदेशातला कोणी कामगार बघेल आणि तो समाजमाध्यमांवर टाकेल, हे त्या कागदावरून कोणाच्या लक्षात येणार? आपल्या देशातलं उदाहरण याहून वाईट आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रणं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं पोलिसांनी उघडकीस आणलं. तपासात पुढे आलेलं कारण अगदी साधं होतं: कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. तुम्ही बाबांच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला होता का? उत्तर मला नको, स्वतःला द्या.

टीव्हीचा तर कोणाला संशयही येत नाही. स्मार्ट टीव्हीत अशी सोय असते की पडद्यावर काय चाललंय ते तो स्वतः ओळखतो आणि कंपनीला कळवतो. विझिओ या कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले ते यासाठीच. १.१ कोटी टीव्हींवर लोक काय बघतात याची नोंद त्यांना न विचारता होत होती. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा एलजीचा टीव्ही साधारण १५ सेकंदांनी आणि सॅमसंगचा साधारण मिनिटाने अशी माहिती पाठवताना दिसला, दुसरं यंत्र वायरने जोडून टीव्हीचा नुसता पडदा म्हणून वापर केला तरीही. एक चांगली गोष्टही त्यांना दिसली: सेटिंगमध्ये जाऊन हे बंद केलं की ते खरंच थांबतं. सॅमसंगमध्ये ते ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ या नावाखाली असतं, एलजीत ‘लाइव्ह प्लस’. हे काम दोन मिनिटांचं आहे, आणि ज्यांच्या घरी स्मार्ट टीव्ही आहे त्या प्रत्येकाने आजच करावं.

मीटरचं जरा सविस्तर बोलू, कारण नागपुरात स्मार्ट मीटरवरून एवढा वाद झाला तो बहुतेक बिल फुगण्याच्या भीतीने झाला, आणि मीटर घराविषयी काय सांगतो यावर फारसं कोणी बोललं नाही. दिवसा वीज वापरणाऱ्याला सवलत द्यायची तर कोणत्या तासाला किती युनिट लागले हे मीटरला लिहावंच लागतं. तेवढ्यापुरतं ते ठीक. पण त्याच नोंदीवरून घर कधी जागं झालं, कधी रिकामं होतं, गिझर किती वाजता लागला, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट या संशोधकाने १९८० च्या दशकात घराच्या एकूण वीजवापरावरून आतली उपकरणं ओळखण्याची पद्धत विकसित केली. आणि त्यानेच १९८९ मध्ये लेख लिहून बजावलं की यातून लोकांवर नजर ठेवता येईल. ज्याने रीत शोधली त्यानेच सावध केलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. मीटर सरकारी आहे, तो काही काढता येणार नाही. पण बाबांच्या नकळत त्याचा आलेख उघडून बसणं आणि लपवलेला कॅमेरा यांत मला काही फरक दिसत नाही. शिवाय त्याचा उपयोगही होणार नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलर रात्रभर चालतो, फ्रिज मधूनमधून सुरू होतो. बाबा उठले, का कूलरचा पंप लागला, हे त्या रेघेवरून तुम्ही कसं ओळखणार? चुकीचं ओळखाल आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये घाम फुटेल.

‘लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य तर मला प्रत्येक पत्रात भेटतं. लपवण्यासारखं म्हणजे गैर, असं आपण धरून चालतो. बाबांनी गाणी ऐकणं गैर होतं का? फुटाळ्यावर कोणासोबत बसणं गैर होतं का? तरी ते त्यांना सांगायचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ही याचिका ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते न्या. के. एस. पुट्टस्वामी ती दाखल करताना ऐंशीच्या घरात होते. वय झालं म्हणून या गोष्टीची किंमत कमी होत नाही. उलट शरीर, पैसा, डॉक्टर, एकेक गोष्ट मुलांच्या हातात जात असताना स्वतःचं असं जे थोडं उरतं, त्याची किंमत वाढते.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण भाऊ कदाचित विचारेल. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. ती लागू झाली की कंपनीकडून आपली माहिती मागण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि खोडून घेण्याचा हक्क मिळेल. पण कोणी व्यक्ती घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी माहिती वापरत असेल, तर तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे मुलगी बापाच्या हालचाली बघते, याला हा कायदा काही म्हणणार नाही. तिथे बाबांचं रक्षण तुम्हीच करायचं आहे.

आता तुमची भीती. ती खरी आहे, आणि मला ती हलकी करायची नाही. एकटा माणूस, शुगर, बीपी, मे महिन्यात ४५ च्या पुढे जाणारा पारा. रात्री बाथरूममध्ये पाय घसरला आणि सकाळपर्यंत कोणाला कळलं नाही तर? माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हीच स्थिती आहे. प्रतापनगर, स्वावलंबीनगर, मनीषनगर, कुठेही जा, खाली आई-बाबा आणि मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात. पण ज्या गोष्टीची भीती वाटते आणि जी गोष्ट नोंदली जात होती, त्यांचा मेळ बसत होता का?

भीती पडण्याची. कॅमेरा हॉलमध्ये. पडणं बरेचदा बाथरूममध्ये किंवा पलंगावरून उठताना होतं, तिथे कॅमेरा नव्हता आणि नसावाच. घड्याळ पडणं ओळखू शकतं, पण प्रत्येक घड्याळात ती सोय नसते, आणि असली तरी ते चार्ज केलेलं आणि हातात असावं लागतं. ते फोनवर अवलंबून असेल तर फोनही जवळ लागतो. बरेच लोक आंघोळीला जाताना ते काढून ठेवतात. ‘रात्री दोनला उठले’ ही नोंद तर घड्याळाने हालचाल आणि नाडीवरून केलेला अंदाज आहे. सत्तरी ओलांडलेला, शुगर असलेला पुरुष रात्री दोनदा लघवीला उठतो, यात काळजीचं फार काही नाही. फारच वाढलं तर डॉक्टरांना प्रोस्टेट आणि साखर दोन्हीबद्दल विचारावं. मात्र घाम फुटून, थरथर होऊन जाग येत असेल तर साखर उतरत असण्याची शक्यता असते, आणि ते तातडीने सांगायचं. हा फरक घड्याळावर भरवसा ठेवून कळणार नाही. तो बाबांनी सांगितला तर कळेल, आणि बाबांनी तुमच्याशी बोलणं थांबवलंय. एवढी यंत्रं लावून तुम्ही माहितीचा सर्वांत चांगला झरा बंद करून घेतलात, हे मला तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे.

जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ मध्ये एक विजेची किटली आणली. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने चहासाठी तिच्यातून पाणी घेतलं की तेवढी नोंद व्हायची आणि दूर राहणाऱ्या मुलाला दिवसातून दोनदा निरोप जायचा. चित्र नाही, आवाज नाही, कोण आलं-गेलं नाही. आज चहा झाला, एवढंच. टोकियोत एक आजारी मुलगा आणि त्याची म्हातारी आई मृत्यूनंतर बऱ्याच दिवसांनी सापडली, त्या घटनेनंतर एका डॉक्टरच्या सूचनेतून ही कल्पना निघाली. मला ती फार आवडते, कारण तिच्यात आधी प्रश्न नीट ठरवला गेला. मुलाला हवं होतं ते एकच उत्तर: आज उठून नेहमीसारखं सुरू झालं का? मग नोंदही तेवढीच. आपण उलट करतो. दुकानात जे मिळतं ते सगळं आणतो आणि मग त्यातून दिसेल ते विचारत सुटतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. फोनवर काही ठरवू नका, नागपूरला जा. दोन दिवसांची सुट्टी काढून जा. पहिल्या दिवशी यंत्रांचा विषयच काढू नका. आईबद्दल बोला. तुम्हालाही बोलायचं असेल, दीड वर्षात तुम्ही दोघं तिच्याबद्दल नीट बोललात का, हे पत्रात कुठे दिसलं नाही. गाण्यांबद्दल जे म्हटलंत त्याची सरळ माफी मागा. ‘मी काळजीने म्हटलं’ असं जोडू नका, ते त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना तुमच्या फोनवर सगळं दाखवा. स्पीकरचा इतिहास, घड्याळाच्या नोंदी, दार कधी उघडलं, कॅमेऱ्याची साठवलेली चित्रणं. त्यांना संकोच वाटेल, तुम्हालाही वाटेल, तरी दाखवा. मग त्यांच्यासमोर, त्यांच्या हाताने ते खोडा. स्पीकरच्या ॲपमध्ये आवाजाचा सगळा इतिहास एकदम पुसता येतो, आणि पुढचं आपोआप पुसलं जाईल असंही ठरवता येतं. त्यानंतर विचारा, यातलं तुम्हाला काय हवंय? ‘काहीच नको’ म्हणाले तर तेही मान्य करा, निदान या खेपेला. माझा अंदाज, स्पीकर ते ठेवतील. मात्र तो त्यांच्या फोनवर, त्यांच्या खात्यावर जोडून द्या. जी वस्तू राहील तिचं मुख्य खातं बाबांचं, तुम्ही फार तर पाहुण्या. बहुतेक ॲपमध्ये दुसऱ्या माणसाला थोडंच दाखवायची सोय असते. कोणाला किती दिसेल हे त्यांना स्वतः बदलता आलं पाहिजे, आणि कसं बदलायचं हे त्यांना शिकवून या. बाबांना जमणार नाही, असं आधीच ठरवू नका.

घड्याळ घालायला ते तयार झाले, तर पडल्याची सूचना तेवढी तुमच्याकडे येऊ द्या. झोप, पावलं, जागा, हे सगळं बंद. कॅमेरा काढाच. त्यांना स्वतःला दारावर कोण आलं ते बघायला हवा असेल, तर दाराबाहेर लावा, आवाजाची नोंद बंद करा, पासवर्ड नवा ठेवा. आणि मावशींना सांगा. इतके दिवस त्या कामाला येत होत्या, त्यांचंही चित्रण होत होतं, त्यांची येण्याची वेळ पुण्याहून मोजली जात होती, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना काम हवंय. त्यांची माफी बाबांनी मागायची की तुम्ही, ते तुम्ही बघा. मला वाटतं, तुम्ही.

रोज सकाळी एक खूण ठरवून घ्या, जी बाबा स्वतः पाठवतील. व्हॉट्सॲपवर एक शब्द, फुलाचा फोटो, काहीही. साडेआठपर्यंत आली नाही तर तुम्ही फोन कराल, फोन उचलला नाही तर शेजारी बघतील, हे तिघांनाही आधीच ठाऊक असलं पाहिजे. मग आठ-वीसला तुम्ही धास्तावणार नाही आणि बाबांना पहारा वाटणार नाही. बदल्यात तुम्हीही पाठवा. रात्री घरी पोचलात की कळवा. बाबांनाही पुण्याच्या रस्त्यांची काळजी वाटत असेल, त्यांनी कधी तुमच्या गाडीत सेन्सर लावायला सांगितला नाही.

यंत्रांवर जेवढा खर्च झाला त्याच्या थोड्या भागात घरात खरी कामं होतात: बाथरूममध्ये धरायला दांडा, पायाखाली घसरणार नाही असं मॅट, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा लहान दिवा, कडी अशी की बाहेरूनही उघडेल. बीपीच्या गोळ्यांमुळे झटकन उठल्यावर चक्कर येते का, हे डॉक्टरांना विचारा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याआधी औषधांची एकदा उजळणी करून घ्या, काही बीपीच्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं. उन्हाळ्यात एखादं यंत्र हवंच असेल, तर खोलीचं तापमान कळवणारं साधं यंत्र ठेवा. ते माणसाबद्दल काही बोलत नाही, पण वीज गेली आणि खोली तापली तर तुम्हाला कळेल.

ज्यांच्या घरी असंच काही आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जुनं घड्याळ, टीव्ही किंवा स्पीकर एक्स्चेंजमध्ये देताना किंवा मावशींच्या मुलाला देताना ते आधी कारखान्यातून आल्यासारखं कोरं करा, नाहीतर तुमचं खातं त्याच्यासोबत जातं. आणि गाडीकडेही लक्ष द्या. आपल्याकडे विमा नियामकाने २०२२ मध्ये किती आणि कशी गाडी चालवता त्यावर हप्ता ठरवण्याची मुभा दिली. ज्याची गाडी कमी चालते त्याला त्यात फायदा होऊ शकतो. पण अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांची चालवण्याची माहिती मालकांना नीट न कळवता विमा कंपन्यांपर्यंत पोचल्याचं २०२४ मध्ये बाहेर आलं, आणि काहींचे हप्ते वाढले. सही करण्याआधी कोणती माहिती, किती दिवस, कोणाकडे, एवढे तीन प्रश्न एजंटला विचाराच.

भावाला माझं एवढंच सांगा की पुढच्या वेळी त्याने ‘हट्टी’ म्हणण्याआधी बाबांना आठवड्यातून एकदा अर्धा तास फोन करावा, काही न विचारता. शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली बाबांच्या संमतीने ठेवा, आणि त्यांचा नंबर तुमच्याकडे, भावाकडे आणि बाबांच्या डॉक्टरांकडे असू द्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.